डब्यात डबा, त्यात डबा... आणि आमची व्हायवा

सर्वप्रथम एक कबुलीजबाब. मी कॉन्व्हेंटची. ‘एकोणसत्तर’ म्हणजे नक्की किती हे ठरवायला मला अजूनही दोन सेकंद लागतात, आणि ऱ्हस्व-दीर्घ हा माझ्यासाठी निव्वळ नशिबाचा खेळ आहे. त्यामुळे संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी सरळ ‘नाही’ म्हणणार होते. मग वाटलं, या विभागात दर वर्षी पाऊस, मैत्री, आई आणि ‘कॉलेजचे ते सोनेरी दिवस’ यांवर भरपूर छापून येतं. पण आपण चार वर्षं खरोखर जे करतो, म्हणजे रात्र रात्र जागून एरर शोधतो, त्यावर मराठीत कोणीच का लिहीत नाही?

म्हणून हा लेख. विषय आहे: डिपेन्डन्सी इंजेक्शनच्या फ्रेमवर्कला एकात एक बसवलेली जेनेरिक कलेक्शन्स कशी द्यावीत. विषय वाचून पान उलटू नका, प्लीज! यात एक फजिती आहे, एक भांडण आहे आणि माझी एक चूक आहे. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांनाही कळेल अशा बेताने लिहिते.

गेल्या सेमिस्टरला आमच्या चौघांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट म्हणून कॉलेजच्या बसचं वेळापत्रक केलं. एकूण ९ मार्ग आणि प्रत्येक मार्गावर बस सुटण्याच्या वेळा. मार्ग निवडा, वेळा बघा, भाडं बघा, संपलं. भाषा जावा, फ्रेमवर्क स्प्रिंग. लॅबच्या मशीनवर जावा ८ आणि स्प्रिंगचं ५ नंबरचं व्हर्शन होतं, तेच वापरलं.

आता हे डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणजे काय? लग्नातली पंगत आठवा. आपण मुदपाकखान्यात जाऊन वरणाचं पातेलं शोधत नाही. आपण पानावर बसतो आणि ‘वरण’ म्हणतो. वाढपी येतो, वाढतो. आपल्या प्रोग्रॅममधल्या क्लासनेही असंच वागावं. स्वतःला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः तयार करू नयेत, फक्त ‘मला हे हवं’ असं कन्स्ट्रक्टरमध्ये लिहावं. आणून देणारा वाढपी म्हणजे कंटेनर, आणि तो ज्या वस्तू सांभाळतो त्यांना स्प्रिंगमध्ये ‘बीन’ म्हणतात. हे नाव मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधल्या लेखामुळे रूढ झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये स्प्रिंगचं १.० आलं आणि सप्टेंबरमध्ये जावा ५, म्हणजेच जेनेरिक्स. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही व्हायचा होता!

जेनेरिक्स म्हणजे डब्यावरचं लेबल. नुसतं ‘लिस्ट’ म्हटलं तर डबा. ‘लिस्ट<लोकलटाइम>’ म्हटलं तर ‘या डब्यात फक्त वेळा ठेवायच्या’. आमच्या वेळापत्रकाला अर्थातच डब्यात डबा लागत होता. मार्गाचं नाव ही किल्ली आणि त्या किल्लीला वेळांची लिस्ट. म्हणजे ‘मॅप<स्ट्रिंग, लिस्ट<लोकलटाइम>>’. ही ओळ मी लिहिली होती. टोकाला दोन कंस, दिसायलाही किती प्रोफेशनल! मी एका मेथडमध्ये हा मॅप भरला, त्या मेथडवर ‘बीन’ असं लिहिलं, आणि जिथे वेळापत्रक लागत होतं तिथे ‘ऑटोवायर्ड’ लिहून तोच टाइप मागितला. वाढप्याने बरोबर आणून वाढलं. दीड महिना सगळं छान चाललं होतं.

व्हायवाच्या आदल्या रात्री माझ्या पार्टनरने एक छोटी गोष्ट घातली. परीक्षेच्या काळात रविवारी बस सुटते, त्या वेळांची एक वेगळी लिस्ट. ‘लिस्ट<लोकलटाइम>’ टाइपचं एक नवं बीन, नाव ‘सन्डेटायमिंग्ज’. माझ्या कोडला त्याने हातसुद्धा लावला नव्हता. प्रोग्रॅम कम्पाइल झाला. सर्व्हर सुरू झाला. लाल अक्षरात एक ओळ नाही. आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नल सरांसमोर मी मोठ्या ऐटीत ‘सर, सिलेक्ट एनी रूट’ म्हणाले. सरांनी यादी उघडली. यादीत एकच मार्ग होता: सन्डेटायमिंग्ज. आमचे नऊच्या नऊ मार्ग गायब!

सरांनी चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, ‘‘ही बस कुठे जाते?’’

आता माझी चूक. मी सरांसमोर, फाडफाड इंग्लिशमध्ये, सांगून टाकलं की काल रात्री माझ्या पार्टनरने न विचारता कोड बदलला आणि सगळं बिघडवलं. तो मराठी मीडियमचा आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला. इंग्लिशमध्ये भांडणं त्याला जमत नाही. तो एवढंच म्हणाला, ‘‘सर, मी फक्त ॲड केलंय, चेंज काही नाही केलेलं.’’ सरांनी मान हलवली आणि मार्क दिले. मला जास्त, त्याला कमी.

तो खरं बोलत होता. हे मला कळलं त्यानंतर चार दिवसांनी. ते काय होतं ते सांगते, कारण ते समजल्याशिवाय माझं मत पटणार नाही.

स्प्रिंगमध्ये एक खूप उपयोगी सोय आहे. तुम्ही ‘ऑटोवायर्ड’ लिहून एखाद्या टाइपची लिस्ट मागितली, तर कंटेनर त्या टाइपची सगळी बीन्स गोळा करून देतो. पंगतीत ‘भाज्या वाढा’ म्हटलं की वाढपी असतील तेवढ्या भाज्या आणतो, तसं. मॅप मागितला आणि त्याची किल्ली स्ट्रिंग असेल, तर तो बीनचं नाव किल्ली म्हणून आणि बीन स्वतः व्हॅल्यू म्हणून भरून देतो. ही सोय आम्हीच वापरली होती. भाडं काढणारे तीन क्लास होते: विद्यार्थी, स्टाफ आणि पाहुणे. ‘मॅप<स्ट्रिंग, भाडं>’ मागितलं की तिन्ही आपोआप हजर. तेव्हा मी पार्टनरला टाळी दिली होती.

आता माझी मागणी पुन्हा वाचा. ‘मॅप<स्ट्रिंग, लिस्ट<लोकलटाइम>>’. आमच्या व्हर्शनमधला कंटेनर ही मागणी आधी अशी वाचतो: ‘लिस्ट<लोकलटाइम> टाइपची जेवढी बीन्स असतील ती गोळा कर, नावं किल्ली म्हणून लाव.’ दीड महिना असं एकही बीन नव्हतं. त्यामुळे गोळा करण्यासारखं काही सापडत नव्हतं, आणि मग तो दुसऱ्या मार्गाने जाऊन माझा तयार मॅप शोधून देत होता. हा दुसरा मार्गसुद्धा ४.३ व्हर्शनपासून, म्हणजे २०१६ पासून आला. त्याआधी हाच कोड पहिल्याच दिवशी एरर देऊन थांबला असता. पार्टनरने पहिलं ‘लिस्ट<लोकलटाइम>’ बीन घातलं, त्या क्षणी गोळा करायला एक वस्तू मिळाली. कंटेनरने ती उचलली, नवा मॅप बनवला, एक किल्ली, एक लिस्ट, आणि मला वाढला. माझा नऊ मार्गांचा मॅप मुदपाकखान्यात तसाच पडून राहिला.

आणि यात टाइपची चूक कुठे आहे? कुठेच नाही! मी मागितला तो टाइप मला तंतोतंत मिळाला. डब्यात डबा, आतल्या डब्यात वेळा, लेबल बरोबर. फक्त डबा दुसऱ्याचा.

इथे माझं मत येतं, आणि ते मी ठासून मांडते. एकात एक बसवलेलं जेनेरिक कलेक्शन हा वस्तूचा आकार आहे, ती वस्तूची ओळख नाही. आणि टाइपवरून शोधणाऱ्या कंटेनरला ओळख लागते. ‘मॅप ऑफ लिस्ट’ ही बसची वेळ असू शकते, मेसची असू शकते, लायब्ररीची असू शकते. म्हणून असं कलेक्शन उघड्यावर कंटेनरच्या हातात द्यायचंच नाही. त्याला एक नाव द्यायचं, म्हणजे स्वतःचा क्लास करायचा, आणि कंटेनरला तो क्लास द्यायचा.

आमच्या बाबतीत ‘बसवेळापत्रक’ नावाचा क्लास. तो मॅप त्याच्या पोटात, प्रायव्हेट. बाहेरून दोनच प्रश्न विचारता येतात: मार्ग कोणते, आणि या मार्गाच्या वेळा कोणत्या. मॅप भरायचं काम त्या बीनच्या मेथडच्या आत. म्हणजे कंटेनरला तो मॅप कधी दिसतच नाही. मग कोणी रविवारच्या, सोमवारच्या, दिवाळीच्या कितीही लिस्ट घालू दे. ‘बसवेळापत्रक’ मागितलं की बसवेळापत्रकच येणार, आणि नसेल तर सर्व्हर सुरूच होणार नाही. एरर आपल्याला दिसेल, आदल्या रात्री, एक्स्टर्नलला नाही!

यावर माझ्या ग्रुपमध्ये आणि टपरीवर झालेले आक्षेप प्रामाणिकपणे देते.

पहिला आक्षेप: ‘‘एवढ्यासाठी वेगळा क्लास? फ्रेमवर्क कशाला घेतलं मग?’’ मी मोजलं. १४ ओळी झाल्या. जावा १६ पासून ‘रेकॉर्ड’ आहे, तिथे तर हे दोन-तीन ओळींत होतं. चार दिवस चूक शोधण्यापेक्षा १४ ओळी टाइप करणं स्वस्त आहे. शिवाय चुकीचा मार्ग विचारला तर काय करायचं, हे आधी आमच्या कोडमध्ये पाच ठिकाणी लिहिलेलं होतं. आता एकाच ठिकाणी आहे.

दुसरा आक्षेप: ‘‘क्वालिफायर लाव ना! किंवा रिसोर्स वापर, ते नावावरून शोधतं.’’ बरोबर आहे. दोन्हींनी आमचा बग गेला असता, आम्ही करून पाहिलं. कोणाला घाईत दुरुस्ती करायची असेल तर जरूर करा. पण जिथे जिथे तो मॅप मागाल तिथे तिथे ते नाव लिहायला आठवलं पाहिजे. चौघांपैकी एक जण एका ठिकाणी विसरला की पुन्हा तीच बस, पुन्हा तोच प्रश्न. आणि ते नाव म्हणजे अवतरण चिन्हातली साधी स्ट्रिंग. स्पेलिंग चुकलं तरी कम्पायलर काही बोलत नाही. क्लासचं नाव चुकलं तर तो लगेच ओरडतो. मला ओरडणारा मित्र जास्त आवडतो.

तिसरा आक्षेप आमच्या एका हुशार सीनियरचा: ‘‘जावात टाइप इरेजर आहे. चालू प्रोग्रॅममध्ये जेनेरिक्सचा पत्ताच नसतो. मग कंटेनरला लिस्टमध्ये वेळा आहेत हे कळलं कसं?’’ हा प्रश्न मला फार आवडला, कारण परीक्षेत आपण ‘इरेजर’ची व्याख्या पाठ लिहितो आणि पुढे विचार करत नाही.

जुना कोड चालत राहावा म्हणून जावाच्या लोकांनी ठरवलं की लेबल फक्त कम्पायलरने तपासायचं. चालू प्रोग्रॅममध्ये वेळांची अरेलिस्ट आणि नावांची अरेलिस्ट यांचा क्लास एकच. दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहून बघा, तुलनेचं उत्तर ‘ट्रू’ येतं. म्हणजे डब्यांवरची लेबलं खरडून टाकलेली असतात. पण फडताळाच्या दारावर आईने चिकटवलेली यादी तशीच असते! ‘वरच्या फळीवर डाळी, खाली मसाले.’ फील्ड, मेथड आणि क्लास जाहीर करताना आपण जो जेनेरिक टाइप लिहितो, तो क्लास फाइलमध्ये नोंदलेला राहतो. स्प्रिंग डब्यात डोकावत नाही, दारावरची यादी वाचतं. म्हणूनच बीनच्या मेथडला नुसता ‘मॅप’ असा रिटर्न टाइप लिहिला, तर यादीच कोरी. मग कंटेनर तरी काय करणार?

हाच घोटाळा एक्सएमएलमध्ये वेगळ्या रूपात येतो. कॉन्फिगरेशन एक्सएमएलमध्ये असतं तिथे मॅपच्या टॅगमध्ये लिस्टचा टॅग आणि त्यात आकडे लिहितात. फाइलमध्ये लिहिलेलं सगळं मुळात मजकूरच. सेटरला पूर्ण टाइप लिहिलेला असेल, ‘मॅप<स्ट्रिंग, लिस्ट<इंटिजर>>’, तर स्प्रिंग आतल्या डब्यापर्यंत जाऊन प्रत्येक ‘७’चा खरा आकडा करतं. पण सेटरला नुसता ‘मॅप’ लिहिला आणि टॅगमध्येही टाइप सांगितला नाही, तर आत मजकूरच राहतो. सर्व्हर आनंदाने सुरू होतो. तुम्ही आतला आकडा बेरजेला घेता तेव्हा, म्हणजे अगदी शेवटी, ‘क्लासकास्ट’ची एरर फुटते. आणि ज्या ओळीवर फुटते त्या ओळीची काही चूक नसते. (आमच्या पार्टनरसारखंच!) कम्पायलर ‘अनचेक्ड’ म्हणून पिवळी वॉर्निंग देत असतो, पण पिवळ्याकडे आपल्यात कोण बघतं? लाल नाही ना, मग सबमिट करा.

इतरांनी हे कसं सोडवलं तेही पाहिलं. गूगलच्या ‘ग्युस’ फ्रेमवर्कमध्ये असा टाइप सांगायला ‘टाइपलिटरल’ लिहावं लागतं, शेवटी रिकामे महिरपी कंस देऊन. ते कंस शोभेचे नाहीत. त्यामुळे एक बिननावाचा सबक्लास तयार होतो, आणि सबक्लास झाला की आपल्या वडिलांचा पूर्ण टाइप त्याच्या नोंदीत राहतो. म्हणजे पुन्हा दारावरची यादीच! शिवाय तिथे गोळा करून मॅप हवा असेल तर ‘मॅपबाइंडर’ असं वेगळं सांगावं लागतं. साध्या मागणीचा कंटेनर आपल्या मनाने वेगळा अर्थ काढत नाही. सी शार्पमध्ये जेनेरिक्स चालू प्रोग्रॅममध्येही शाबूत असतात, लेबल खरडलं जात नाही. पण लक्षात घ्या, तिथेही ‘डिक्शनरी ऑफ लिस्ट’ हा आकारच. एकाच आकाराच्या दोन वस्तू झाल्या की कोणती हवी ते टाइप सांगू शकत नाही. म्हणजे इरेजर ही अडचण आहे, पण मूळ रोग नाही. मूळ रोग म्हणजे नाव न देण्याचा आळस.

याचा अर्थ जेनेरिक्स वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. क्लासच्या पोटात हवे तेवढे डबे घाला. गोळा करण्याची सोयही वाईट नाही. ‘मॅप<स्ट्रिंग, भाडं>’ आजही आमच्या प्रोजेक्टमध्ये आहे, कारण तिथे ‘असतील ती सगळी भाडी’ हेच हवं होतं. नियम साधा आहे. ‘असतील ती सगळी’ हवी असतील तर कलेक्शन मागा. एक ठरावीक वस्तू हवी असेल तर तिला नाव द्या.

जाता जाता आपल्या शिकण्याबद्दल. आपल्याकडे जेनेरिक्स एका सेमिस्टरला येतं, फ्रेमवर्क दुसऱ्या सेमिस्टरला. दोन्ही जर्नलमध्ये दोन्ही प्रॅक्टिकल्स ‘रन सक्सेसफुली’ असतात. या दोघांची गाठ पडते तिथे काय होतं, हे कुठल्याच प्रॅक्टिकलमध्ये नाही. माझी एक सूचना आहे. एक प्रॅक्टिकल असं ठेवा, ज्यात चालणारा प्रोग्रॅम मुद्दाम एक बीन घालून बिघडवायचा, आणि तो का बिघडला ते अर्ध्या पानात आपल्या शब्दांत लिहायचं. मित्राच्या जर्नलवरून हे उतरवता येणार नाही, कारण प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा बिघडेल! सीनियर्सचा कोड पेनड्राइव्हवर घेऊन नाव बदलणाऱ्या आपल्या थोर परंपरेला थोडा धक्का बसेल, पण चालेल.

आता राहिली शेवटची गोष्ट. चार दिवसांनी कारण कळलं तेव्हा मी पार्टनरला लॅबमध्ये बोलावून स्क्रीनवर सगळं दाखवलं. त्याने पूर्ण वाचलं, आणि म्हणाला, ‘‘म्हणजे तुझी मागणीच मोघम होती.’’ मी चार दिवसांत काढलेला निष्कर्ष त्याने एका वाक्यात, आणि मराठीत, सांगून टाकला. मी सरांना मेल पाठवून कारण कळवलं. मार्क तोवर युनिव्हर्सिटीला गेले होते. ते बदलले नाहीत.

त्याला मी ‘सॉरी’ म्हणाले होते, पण ते इंग्लिशमध्ये होतं, आणि दोघंच असताना. आरोप चारचौघांत केला होता. म्हणून हे चारचौघांत, त्याच्या भाषेत, आणि छापून: चूक माझी होती. मी एका कोडच्या ओळीला नीट नाव दिलं नाही, आणि एका माणसाला त्याच्या मीडियमचं लेबल लावून मोकळी झाले. पहिली चूक १४ ओळींत दुरुस्त झाली. दुसरीला किती लागतील माहीत नाही, पण हा लेख ही सुरुवात समजावी.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये टोकाला दोन कंस असलेलं एखादं ‘ऑटोवायर्ड’ असेल, तर आज रात्रीच उघडून बघा. व्हायवाची वाट बघू नका!